रिलेत थांबायचं कुणी आणि कुठे?

या महिन्याच्या टपालात एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे. गटाने मिळून लांब पल्ल्याची रिले धावायची आणि त्यातून एखाद्या कामासाठी पैसे उभे करायचे. पत्रं ठाण्यातून आली आहेत, घणसोलीतून, नेरूळमधून, खारघरमधून. मला याचा फार आनंद झाला. शाळेत खेळ शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आता उपवनला सकाळचा एक गट सांभाळते. एकट्याने पदक मिळवणारी मुलं मी पुष्कळ पाहिली, पण माणूस बदलताना पाहिला तो रिलेतच. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त ही पत्रं घेतली आहेत.

आम्ही नेरूळचे सहा जण आहोत, चार पुरुष आणि दोन स्त्रिया. सगळ्यांनी अर्धमॅरेथॉन धावलेली आहे. डिसेंबरमध्ये ठाणे ते अलिबाग अशी १०० किलोमीटरची रिले रात्रीतून करायची आणि खारघरला कर्करोगाच्या उपचारांसाठी आलेल्या मुलांच्या पालकांची राहण्याची सोय करणाऱ्या एका संस्थेला पैसे द्यायचे, असं ठरवतोय. टप्पे कसे पाडायचे?
— एक वाचक, नेरूळ

टप्प्यांच्या आधी रस्त्याचं बोलू. अलिबागचा बेत सोडा, ही कळकळीची विनंती. शनिवारी पेणपासून वडखळपर्यंत आणि पुढे गाड्यांची जी रांग लागते ती तुम्ही पाहिलीच असेल. रात्री त्याच रस्त्यावर ट्रेलर असतात, आणि कित्येक ठिकाणी कडेला पाऊल टाकायला जागा नसते. अंधारात, थकलेल्या पायांनी, अनोळखी रस्त्यावर माझ्या गटातल्या कुणालाही मी पाठवणार नाही.

शिवाय तुमचे पैसे खारघरला जाणार आहेत. मग धावत खारघरलाच का जाऊ नये? टाटा स्मारकचं ॲक्ट्रेक हे कर्करोगावरच्या उपचारांचं आणि संशोधनाचं केंद्र तिथे आहे, म्हणून तर ही कुटुंबं तिथे येतात. ठाण्याच्या तलावपाळीहून निघा, कळव्यावरून ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, मग नेरूळ, बेलापूर आणि खारघर. हे तीस ते पस्तीस किलोमीटर होतं. तुमचा नेमका मार्ग गाडीने एकदा मोजून घ्या. एकदा जा, परत ठाण्याला या आणि पुन्हा जा, की शंभर भरतात. अलिबागच्या समुद्राइतकं हे मोहक वाटणार नाही, हे मला समजतं. पण तुमच्या गटाला जे लागणार आहे ते सगळं याच रस्त्यावर आहे.

काय लागणार आहे ते आकड्यांतच बघा. अर्धमॅरेथॉन धावणाऱ्या सहा जणांचा सरासरी वेग तासाला आठ-सव्वाआठ किलोमीटर धरा, रात्रीचा आहे म्हणून. शंभराला बारा तास लागतात. सहांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला दोन तास. म्हणजे प्रत्येक जण दोन तास धावणार आणि दहा तास थांबणार. रिलेची तयारी करताना सगळे त्या दोन तासांचीच करतात. गट मोडतो तो उरलेल्या दहा तासांत. कुणी थंडीने कुडकुडतो, कुणाला बाथरूम सापडत नाही, कुणी उपाशी राहतो, कुणी गाडीत नीट झोपत नाही आणि पहाटे तीनला उठून चिडचिड करतो. म्हणून टप्पे किलोमीटरवर पाडू नका. थांबायला चांगली जागा कुठे आहे ते आधी शोधा आणि टप्पा तिथे संपवा.

आणि इथे तुमचं नशीब चांगलं आहे, कारण तुमच्या जवळजवळ सगळ्या रस्त्याला लागून रेल्वे जाते. ठाणे-वाशी मार्ग २००४ मध्ये सुरू झाला. नवी मुंबईची स्थानकं मोठी, समोर मोकळं आवार असलेली, रात्री उजेडाची. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, नेरूळ या स्थानकांबाहेर पाळी बदला. उजेड असतो, माणसं असतात, रिक्षावाले असतात, घरचं कुणी भेटायला आलं तर त्याला पत्ता समजावून सांगावा लागत नाही. धावून झालेल्याला दुखापत झाली तर तो लोकलने घरी जाऊ शकतो. फक्त शेवटची लोकल गेल्यावर स्थानकातलं स्वच्छतागृह उघडं असेलच असं धरून चालू नका. वाटेवरचे रात्रभर चालणारे पेट्रोल पंप आधी जाऊन पाहून ठेवा, आणि हे पाहायला तुमच्या गटातल्या दोघी स्त्रियांनाच जाऊ द्या. पुरुषांना जे स्वच्छतागृह चालतं ते त्यांना चालेलच असं नाही.

जपानमध्ये लांब पल्ल्याच्या रिलेची फार जुनी परंपरा आहे. पहिली मोठी रिले १९१७ मध्ये क्योटो ते टोकियो झाली. पाचशेहून जास्त किलोमीटर, तीन दिवस. मार्ग निवडला तो जुन्या राजरस्त्याचा, ज्यावर प्रवाशांना आणि निरोप्यांना थांबायची ठाणी होती. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते. हजारो माणसांनी जिथे थांबून पाहिलं आहे तिथेच आपणही थांबावं.

वेळ म्हणाल तर शनिवारी रात्री आठला निघा. तलावपाळीला तेव्हा गर्दी असणारच, तेवढं अंतर चालत काढा. बाराच्या सुमाराला खारघर, चारच्या पुढेमागे ठाणे, आणि पाळी बदलण्यातला वेळ धरून रविवारी सकाळी नऊच्या आत पुन्हा खारघर. डिसेंबरमध्ये तेवढ्या वेळेपर्यंत ऊन सोसवतं. तुर्भ्याच्या बाजाराकडून मात्र जाऊ नका, तिथे रात्रभर भाजीपाल्याचे ट्रक येत असतात. कोपरखैरण्यातून वाशीत आतल्या रस्त्यांनी उतरा. पाम बीच रस्ता सुंदर आहे, पण रात्री तिथे गाड्या कशा सुटतात ते तुम्ही नेरूळकर जाणताच. पहिल्या दोन फेऱ्यांना सानपाडा, जुईनगर, सीवूड्सच्या आतून या, आणि शेवटच्या फेरीत उजाडल्यावर पाम बीचने, पदपथावरून जा. त्या दिवसांत खाडीकडे फ्लेमिंगो आलेले असतात.

ठाण्याचं पोलीस आयुक्तालय वेगळं, नवी मुंबईचं वेगळं. तुमचा मार्ग दोन्हींतून जातो, तेव्हा दोन्हीकडच्या वाहतूक शाखांना लेखी कळवा आणि त्यांची परवानगी लागेल का ते विचारा. पदपथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने धावा, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. रात्री एकट्याने कुणीही धावायचं नाही. पुढेमागे दिवा लावलेली सायकल घेऊन एक मित्र सोबत हवाच. हातात द्यायला बॅटन घेऊ नका, ती घामाने निसटते आणि अंधारात पडली की शोधत बसावं लागतं. उजेड पडला की चमकणारा पट्टा छातीवर तिरका घाला आणि तोच पुढच्याला द्या.

मी ४६ वर्षांची आहे. आमच्या घणसोलीच्या आठ जणींच्या गटात सगळ्यात हळू मीच. एका किलोमीटरला मला नऊ मिनिटं लागतात, बाकीच्या सात मिनिटांत धावतात. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल असं वाटून नाव मागे घ्यावंसं वाटतं.
— एक वाचक, घणसोली

नाव मागे घेऊ नका, ताई. तुमच्या पत्रातला हिशेब किलोमीटरचा आहे, तो तासांचा करून बघा. प्रत्येकीला आठ किलोमीटर असं वाटलं तर तुम्हाला ७२ मिनिटं लागतील, मैत्रिणीला ५६, आणि ती सोळा मिनिटं तुमच्या मनाला टोचत राहतील. त्याऐवजी प्रत्येकीला एक तास असं वाटा. तुम्ही साडेसहा किलोमीटर कराल, ती साडेआठ करेल. दोघी सारख्याच थकाल, दोघींनी सारखंच दिलेलं असेल. पुढच्या मैत्रिणीला नेमकं किती वाजता तयार राहायचं हे माहीत असेल, आणि थंडीत उभं राहून वाट पाहणाऱ्याला वेगापेक्षा हे कळणं फार मोलाचं असतं. पाळी बदलण्याची जागा मात्र मग थोडी पुढेमागे होते, तेव्हा तासाच्या जवळचं स्थानक किंवा उजेडाचा चौक आधीच ठरवून घ्या.

माझं मत विचाराल तर शेवटची पाळी तुम्ही घ्या. शेवटी जी धावते तिच्या पुढे कुणी ताटकळत नसतं, आणि तोवर वेळापत्रक थोडंफार घसरलेलं असतं. अशा वेळी चवताळून धावणारी नको, एका लयीत पोहोचणारी हवी. चार मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं, हे शेवटपर्यंत जिला जमतं ती.

सराव कशाचा करायचा हेही सांगते, कारण बहुतेक गट चुकीचा सराव करतात. रविवारी एकदम पंधरा किलोमीटर धावून रिलेची तयारी होत नाही. रिलेत पाय एकदा तापतात, पाच-सहा तास गार पडतात, आखडतात, आणि मग अवेळी पुन्हा धावायचं असतं. म्हणून शनिवारी रात्री जेवणाआधी पाच-सहा किलोमीटर धावा, झोपा, आणि पहाटे पाचला उठून पुन्हा तेवढंच. दुसऱ्या वेळी पहिली दहा मिनिटं पाय लाकडासारखे वाटतील. ती दहा मिनिटं ओळखीची झाली की प्रत्यक्ष दिवशी घाबरायला होत नाही. दर पंधरा दिवसांनी एकदा असं करा, दर आठवड्याला नको. चाळिशीनंतर शरीर भरून यायला वेळ घेतं. छातीत दुखणं, चक्कर, धाप असा काही इतिहास असेल तर सरावाआधी डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक गोष्ट आठ जणींनी निघण्याआधीच ठरवा: कुणी मध्येच थांबली तर काय करायचं. जपानमध्ये जानेवारीच्या दोन आणि तीन तारखेला हाकोनेची रिले होते, १९२० पासून. दहा धावपटू, दोनशेहून जास्त किलोमीटर. तिथे एखादा संघ फार मागे पडला तर पुढच्या धावपटूला वेगळा पट्टा घालून ठरलेल्या वेळी सोडतात. मागचा पोहोचतो तेव्हा त्याचा पट्टा घ्यायला कुणी नसतं. स्पर्धेत ते लागत असेल, तुमच्यात ते नको. तुमच्याकडे कुणी थांबली तर सायकलवरची मैत्रीण पट्टा घेऊन पुढे जाईल, आणि गाडी थांबलेल्या मैत्रिणीला आणायला मागे येईल, असं लिहूनच ठेवा. नियम आधी ठरलेला असला की रात्री दोन वाजता कुणाला कुणाची माफी मागावी लागत नाही.

आणि तरीही सगळ्यांनी एकत्रच राहावं असं मनात येत असेल, तर रिलेऐवजी चालणं निवडा. हाँगकाँगमध्ये १९८१ साली गुरखा सैनिकांच्या सरावातून १०० किलोमीटर चालण्याचा एक उपक्रम सुरू झाला. चौघांचा गट, ४८ तास, आणि चौघांनी बरोबरच चालायचं. पुढे तो सामान्य लोकांसाठी खुला झाला आणि मदतनिधीसाठी अनेक देशांत पोहोचला. तिथे गटाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाइतकाच असतो, आणि ते सगळ्यांना मान्य असतं.

पोखरण रोडला राहतो. डिसेंबरच्या रिलेचा सराव जुलै-ऑगस्टमध्ये पावसात करावा का?
— एक वाचक, ठाणे

जरूर करा. ठाण्याला ऑगस्टमध्ये महापौर वर्षा मॅरेथॉन होत आली आहे, पावसात धावणं इथल्या माणसांना नवं नाही. मात्र साचलेल्या पाण्यातून धावू नका. खाली उघडं गटार असू शकतं, आणि पायाला जखम किंवा फुटलेला फोड असेल तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते. अशा पाण्यात जावं लागलंच तर घरी येऊन पाय साबणाने धुवा आणि लगेच डॉक्टरांना विचारा. लेप्टोचं प्रतिबंधक औषध वेळेत घ्यावं लागतं, आणि ते मनाने घ्यायचं नसतं. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून रात्रभर पंख्याखाली ठेवा, उन्हात किंवा गॅसजवळ नको.

माझी बायको खारघरच्या एका गटातून रात्रीची रिले धावणार आहे. मी धावत नाही. गाडी मी चालवावी असं ठरलंय. मी नेमकं काय करायचं?
— एक वाचक, खारघर

तुमचं पत्र मी गटातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. गाडीवाला काय करतो हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं, आणि सबंध रात्र त्याच्यावर उभी असते.

पहिलं म्हणजे तुम्ही दुपारी झोपा, किमान तीन तास. धावणारा पेंगला तर फार तर वेग कमी होतो, गाडी चालवणारा पेंगला तर काय होतं ते सांगायला नको. जमलं तर दुसरा चालक मिळवा आणि पहाटे दोनला चाक त्याच्या हाती द्या. धावून आलेल्याला गाडी चालवायला कधीही देऊ नका. धावणाऱ्याच्या मागे पार्किंगचे दिवे लावून हळूहळू गाडी नेऊ नका. ती संरक्षण वाटते, पण मागून येणाऱ्याला ती अडथळा असते. पुढच्या स्थानकावर जाऊन थांबा.

तिथे पोहोचलात की आधी पुढच्या धावपटूला उठवा, वीस मिनिटं आधी. मग मागच्याची पिशवी हाताशी काढा. माणूस धावून थांबला की पाच मिनिटांत गार पडतो. ओला टीशर्ट बदलणं, कोरडे मोजे, कानटोपी, शाल, हे आधी आणि फोटो नंतर. खायला आपलं नेहमीचंच ठेवा. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, मध्यरात्रीनंतर डब्यातला मऊ भात-तूप. वडापाव मोहात पाडेल, तो सकाळी खारघरला पोहोचल्यावर.

पाण्याचं नीट लक्षात घ्या. घाम जातो तेव्हा मीठही जातं, आणि भरपाई म्हणून नुसतं पाणी पोटभर पीत राहिलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. ते धोक्याचं आहे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा छोटा चहाचा. मोजून करा, अंदाजाने नको. तहान लागेल तसं घोट घोट द्या. बोलणं असंबद्ध होत असेल, उलट्या थांबत नसतील, थरथर थांबत नसेल, तर तिथे रिले थांबली असं समजा आणि १०८ ला फोन करा. हा निर्णय धावणाऱ्यांपैकी कुणी घेणार नाही, कारण प्रत्येकाला आपली पाळी पूर्ण करायची असते. तो तुम्ही घ्यायचा, आणि तुमचा शब्द शेवटचा हे गटाने आधीच मान्य करायला हवं.

आम्ही कोलशेतच्या सोसायटीतून रिलेच्या निमित्ताने, आजारी मुलांच्या कुटुंबांची राहण्याची सोय करणाऱ्या एका संस्थेसाठी देणग्या जमवतोय. काही जण म्हणतात टीशर्ट आणि डिझेलचा खर्च त्यातूनच करू. सगळे पैसे एका सभासदाच्या फोनवर यूपीआयने येत आहेत. शिवाय लोक विचारतात, आयकरात सूट मिळेल का. मार्ग दाखवा.
— एक वाचक, ठाणे

सभासदाच्या फोनवर पैसे घेणं आजच थांबवा. त्या सभासदावर माझा अविश्वास नाही, पण त्याच्या खात्यात आलेले पैसे कायद्याच्या नजरेत कुणाचे, हा प्रश्न उद्या त्याच्याच गळ्यात पडेल. गणेश मंडळं वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात. जो गट नोंदणीकृत न्यास नाही त्याने लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर हा विषय येतोच. सोपा आणि स्वच्छ मार्ग एकच: देणगीदाराने थेट संस्थेच्या बँक खात्यात पैसे भरायचे आणि पावती संस्थेनेच द्यायची. तुम्ही फक्त संस्थेचा खाते क्रमांक आणि माहिती पोहोचवा, आणि कुणी किती दिले याची यादी संस्थेकडून मागवा. आतापर्यंत जमलेले पैसे नावानिशी यादी करून संस्थेकडे सुपूर्द करा.

सूट संस्थेच्या ८०-जी नोंदणीवर अवलंबून असते, ती चालू आहे का ते विचारून घ्या. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीने दिली तर सूट नाही. नवी करप्रणाली निवडलेल्यांनाही ती मिळत नाही, आणि हे देणगी घेतानाच सांगा, मार्चमध्ये नको.

टीशर्टचं म्हणाल, तर देणगीतला एक रुपयाही त्यावर जाता कामा नये. ज्या आजींनी पेन्शनमधून पाचशे दिले त्यांनी ते मुलांसाठी दिलेत. डिझेल, खाणं, पट्टा, टीशर्ट हा खर्च धावणाऱ्यांनी वाटून घ्यायचा. परवडत नसेल तर टीशर्ट नकोत, जुन्या कपड्यांत धावा. खर्चासाठी कुणी दुकानदार वेगळे पैसे देत असेल तर जरूर घ्या, पण त्याचा हिशेब वेगळ्या वहीत.

मागायला संकोच वाटतो असंही तुम्ही लिहिलंय. संस्थेत आधी स्वतः जाऊन या, सगळा गट. मुलांचे फोटो काढू नका, तिथल्या व्यवस्थापकांना विचारा की एका कुटुंबाचा एका महिन्याचा राहण्या-जेवणाचा खर्च किती येतो, आणि पुढच्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त अडचण कशाची आहे. कधी ती पैशांची असते, कधी गाद्यांची, कधी रुग्णालयापर्यंत रोज सोडायला गाडी नसते. मग लोकांकडे जाताना 'चांगल्या कामाला मदत करा' असं म्हणावं लागत नाही. एका कुटुंबाचे इतके दिवस, असं सरळ सांगता येतं. दर किलोमीटरला अमुक रुपये असं वचन घेऊ नका. रिले मध्येच थांबली तर देणगी कापायची का, असा नको तो प्रश्न त्यातून निघतो.

रिले झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत एक पान लिहा: किती जमले, संस्थेला किती पोहोचले, त्यातून काय घेतलं, गटाचा खर्च कुणी केला. ते सोसायटीच्या फलकावर लावा आणि प्रत्येक देणगीदाराला पाठवा, शंभर रुपये देणाऱ्यालाही.